माळवद आणि ऊन

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण सहसा खर्चाविषयीं सांगितली जाते. धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेकडील लोहारा व उमरगा तालुक्यांत तिला आणखी एक अर्थ आहे. तेथें ज्यांचें वय आज पन्नाशीच्या पुढें गेलें आहे त्यांनीं एक घर पडतांना पाहिलें आहे आणि दुसरें बांधून पाहिलें आहे. मध्यंतरीं आमचे एक आप्त या भागांत स्वतःच्या देखरेखीखालीं घर बांधावयास निघाले. मिस्त्री गांवचा, आराखडा घरचा, आणि छतावर सौरविजेची सोय करावयाची, असा बेत होता. विजेचा हिशेब तपासून द्यावा म्हणून आम्हांस बोलावणें आलें. हिशेब फारसा अवघड नव्हता. अडचण निघाली ती घरांतील वृद्ध मावशींची. पॅनेलें छतावर बसणार हें कानीं पडतांच त्या म्हणाल्या, "डोक्यावर वजन नगं बाबा. काय करायचं ते अंगणात करा." यावर कोणीं कांहीं बोललें नाहीं. आम्हांस मात्र वाटलें कीं, या जिल्ह्यांत घरावर वीज उत्पन्न करावयाची तर विचाराला आरंभ छपराच्या इतिहासापासून केला पाहिजे.

बालाघाटच्या पठारावरील हा मुलूख उघडा आहे. इमारती लाकूड दुर्मिळ, काळा दगड आणि माती मात्र हवी तितकी. पाऊस बेताचा, तोही लहरी. कोंकणांतील उतरतें कौलारू छप्पर पावसाला वाट करून देण्यासाठीं असतें. येथें भीति पावसापेक्षां उन्हाची अधिक, म्हणून येथील घराचें डोकें सपाट आणि जाड झालें. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि त्यावर हातभर, प्रसंगीं त्याहूनही जाड अशी माती, याला माळवद म्हणतात. माती शक्य तों पांढरीची आणीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवरची; ती पाणी आंत उतरूं देत नाहीं असा पिढ्यांचा अनुभव होता. घराची मोजणी खणांनीं होई. दोन खांबांमधील अंतर तो खण; एखाद्याची ऐपत जाणावयाची तर त्याचें घर किती खणांचें एवढें विचारलें कीं काम भागे.

माळवदाला एक डोळा असे, त्याचें नांव साणें. छताला ठेवलेल्या या भोंकांतून चुलीचा धूर वर जाई आणि ऊन खालीं येई. उन्हाचा तो कवडसा सकाळपासून भिंतीवरून जमिनीवर आणि जमिनीवरून पुन्हां भिंतीवर सरके, व घरांतील बायका त्यावरून वेळ ओळखीत. पाऊस आला कीं साण्यावर फरशीचा तुकडा किंवा घमेलें झांकावयाचें, पाऊस थांबला कीं काढावयाचें. खिडक्या थोड्या व लहान, कारण खिडकीनें उजेडाबरोबर झळही आंत येते. दगडमातीच्या भिंती दोन-तीन हात रुंद. अशा घरांत वैशाखांतल्या दुपारीं बाहेरून आलेल्या माणसास पाणी देण्यापूर्वींच थंडावा मिळे. त्याचें कारण साधें आहे. मातीच्या जाड थरांतून उष्णता फार संथपणें उतरते. ती अर्ध्या वाटेवर असतांना सूर्य मावळतो, आणि आलेली उष्णता पुन्हां वरच्या वर रात्रीच्या आकाशाकडे निघून जाते. त्याच माळवदावर दिवसा शेंगा, डाळी, मिरच्या, सांडगे वाळत पडत आणि रात्रीं घरचीं माणसें अंथरुणें टाकीत. आज ज्यास सौर ऊर्जेचा उपयोग म्हणतात तो यापेक्षां निराळा काय असतो, असें कोणीं विचारल्यास उत्तर देणें कठीण पडेल.

ऊन अडविण्याची ही विद्या गरिबाघरची होती, तशी राजाघरचीही होती. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवर जो बंधारा आहे, त्याच्या दगडी पोटांत पाणीमहाल नांवाची दालनें आहेत. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दींत, १६१३ च्या सुमारास, हें काम झालें. पावसाळ्यांत पाणी बंधाऱ्यावरून कोसळतें आणि दालनांत बसलेला मनुष्य कोरडा राहून समोर पाण्याचा पडदा पाहतो. प्रवासी तो पडदाच पाहून परततात. आम्हांस त्याहून अधिक मोलाची वाटते ती दगड आणि पाणी यांच्या जाडीनें उन्हाला बाहेर ठेवण्याची कल्पना. सुलतानाला ती बंधाऱ्यांत साधली, कुणब्याला हातभर मातींत.

परंतु माळवदाचा एक दोष होता, आणि तो सावकाश वाढणारा होता. मातीला भेगा पडत, पाणी गळे; म्हणून मृगाच्या आधीं नवी माती टाकावयाची. जुनी खरवडून काढण्याची चाल फारशी नव्हती. बापानें टाकलेल्या मातीवर मुलगा टाकी, त्यावर नातू. अशा रीतीनें घराचें डोकें पिढ्यान् पिढ्या जड होत गेलें आणि खालचें लाकूड जुनें होत गेलें. साठ सेंटिमीटर जाडीच्या मातीचें वजन दर चौरस मीटरला सुमारें एक टन भरतें. दहा हात लांब व दहा हात रुंद खोलींत निजणाऱ्या माणसांच्या डोक्यावर वीस टनांहून अधिक माती असे, आणि ती एखाद्या दिवशीं खालीं येईल असें कोणाच्या मनांतही येत नसे.

हलकें बांधण्याची कला या जिल्ह्यास ठाऊक नव्हती असेंही नाहीं. तेर हें गांव प्राचीन तगर होय. ग्रीक दर्यावर्दींच्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तांत त्याचा उल्लेख पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी पेठ असा आला आहे. तेथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ आजही उभें आहे, आणि तेरच्या जुन्या देवळांतील कांहीं विटा इतक्या हलक्या कीं त्या पाण्यावर तरंगतात, असें पाहणाऱ्यांनीं नमूद केलें आहे. पण देवळाची विद्या घरापर्यंत आली नाहीं.

उजेडाचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे, कारण बराच काळ तो होताच थोडका. करडईच्या तेलाची पणती, मग घासलेटची चिमणी, बऱ्या घरीं कंदील, लग्नकार्यांत गॅसबत्ती. हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती राजवट संपली, १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. त्याच वर्षीं जून महिन्यांत राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें आणि पुढील दोन-तीन दशकांत तारा गांवोगांव पोंचल्या. मात्र खेड्यांत विजेची खरी ओढ विहिरीवरच्या मोटारीला होती. घराला तिची गरज संध्याकाळच्या एक-दोन दिव्यांपुरतीच वाटे. माळवदाखालीं पंख्याची आवश्यकता कोणास भासत नव्हती, ही गोष्ट पुढील हिशेबासाठीं ध्यानांत ठेवावी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्यास कांहीं मिनिटें असतांना भूकंप झाला. गणपतीचें विसर्जन करून गांवें झोंपलीं होतीं. केंद्र शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील किल्लारीजवळ होतें. १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे मिळून एकच जिल्हा होता, तेव्हां भूकंपानें आंखलेली हद्द जुन्याच नकाशाची होती म्हणावयाची. सास्तूर, राजेगांव, होळी हीं धाराशिवकडील गांवें जमीनदोस्त झालीं. दोन्ही जिल्हे मिळून सुमारें आठ ते दहा हजार माणसें गेलीं. भूकंपाची तीव्रता सहाहून थोडीच अधिक होती. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपांत इतकी माणसें जाण्याचें कारण जमिनीपेक्षां घरांत शोधावें लागतें. मातींत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि वरची माती खालीं आली. सरकारी नकाशांत हा भाग त्या वेळीं भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यांत घातलेला होता. आमच्या मावशींच्या माहेरचीं तीन माणसें त्या रात्रीं माळवदाखालीं राहिलीं.

या उत्पातांत एक गोष्ट अभियंत्यांच्या नजरेस आली, ती येथें सांगितली पाहिजे. जेथें माळवदाचा भार भिंतींवर नसून खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होता, आणि सांगाडा धड होता, तेथें पुष्कळ ठिकाणीं भिंती बाहेर कोसळल्या तरी माळवद वरच राहिलें आणि खालचीं माणसें वांचलीं. म्हणजे खणांनीं घर मोजणारे जुने लोक अडाणी नव्हते. खण होता तोंवर घर होतें. लाकूड महागलें, खांब कमी झाले, तुळया भिंतींवर टेकविल्या गेल्या, आणि माती मात्र पूर्वींइतकीच, किंबहुना अधिक पडत राहिली. हें दुसरें पाऊल कोणीं, कधीं टाकलें तें सांगतां येत नाहीं. असे बदल कोणी एक मनुष्य करीत नसतो.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्यानें पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. त्याशिवाय कमी नुकसान झालेलीं दोन लाखांच्या जवळपास घरें मालकांनीं स्वतःच, सरकारी मदत व मार्गदर्शन घेऊन, दुरुस्त किंवा बळकट केलीं. या दुसऱ्या कामाची वाखाणणी त्या मानानें कमी झाली, पण आमच्या मतें तेंच अधिक टिकाऊ ठरलें. कारण त्यामुळें गांवोगांवच्या मिस्त्रीस सिमेंटचा पट्टा कोठें घालावा, कोपरा कसा बांधावा हें समजलें. दगडाची व मातीची लोकांस एवढी धास्ती बसली होती कीं माळवदें उतरलीं आणि त्यांच्या जागीं पत्रे किंवा सिमेंटचे स्लॅब आले. घरें सुरक्षित झालीं, यांत शंका नाहीं. पण पत्रा दुपारीं भट्टी होतो. आणि चार-पांच बोटें जाडीचा स्लॅब दुपारचें ऊन पिऊन घेतो व तें रात्रीं निजलेल्या माणसावर सोडतो. माळवदाबरोबर भीति गेली तसा थंडावाही गेला. तो थंडावा तेव्हांपासून आपण विजेच्या युनिटांनीं विकत घेत आहों. घरोघर फिरणारा पंखा हा माळवदाचा मोबदला आहे.

आणि ती वीज तरी कोठें भरंवशाची होती! या शतकाच्या पहिल्या दशकांत भारनियमनानें खेड्यांतून दिवसाला दहा-बारा तास वीज जात असे. रात्रीं पंखा बंद पडला म्हणजे लोक स्लॅबवर निजावयास जात आणि स्लॅब तापलेला असल्यानें पुन्हां खालीं येत. सौरविजेकडे येथील माणूस वळला तो या अनुभवानें. पर्यावरणाचीं भाषणें ऐकून नव्हे. उन्हापासून वीज निघते हें बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३९ सालींच दाखविलें होतें आणि सिलिकनची उपयुक्त पट्टी अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं तयार केली. पण ती सामान्य माणसाच्या छतावर येण्यास तिची किंमत उतरावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सूर्यघर योजना काढली. तींत घरगुती वापरासाठीं पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० आणि एकूण ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यांत आलें. आमच्या आप्तांनीं तीन किलोवॅटांचा आंकडा धरला होता तो हें साहाय्य पाहूनच. किती वीज लागेल हें त्यांनीं मोजलें नव्हतें.

तेव्हां आम्हीं उलट बाजूनें आरंभ केला. चार पंखे, प्रत्येकीं ७५ वॅटचे, दिवसाला दहा तास चालले तर ३ युनिटें जातात. दिवे, फ्रीज, दूरदर्शन संच, अर्धा तास पाण्याची मोटार, मिक्सर व मोबाइल हें सर्व मिळून अडीच युनिटांच्या आंत बसलें. म्हणजे घराच्या निम्म्याहून अधिक विजेचें काम एकच, स्लॅबनें घेतलेलें ऊन हालवीत बसणें! हल्लीं जे नव्या मोटारीचे पंखे मिळतात ते ३० वॅटच्या आसपास भागवितात. तेवढा एक बदल केला तर ३ युनिटांचीं सव्वा युनिटें होतात. एक किलोवॅटच्या पॅनेलांपासून येथें वर्षाच्या सरासरीनें दिवसाला चार युनिटें मिळतात. उन्हाळ्यांतला कूलर आणि पुढेंमागें येणारी विजेची शेगडी ध्यानांत घेऊन आम्हीं दोन किलोवॅट सुचविले आणि वांचलेल्या पैशांत स्लॅबवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविण्यास सांगितलें. पांढरा पृष्ठभाग बरेंच ऊन परत फेंकतो. पॅनेलें स्लॅबपासून उचलून बसविलीं तर त्यांची सावली व खालून खेळणारा वारा मिळून तेवढें छत थंड राहतें, हा लाभ विक्रेते सांगत नाहींत. वास्तविक माळवदाचें थोडेंसें काम तेथें पुन्हां सुरू होतें.

एक गैरसमज मात्र सर्वत्र आढळतो आणि तो आप्तांच्याही मनांत होता. तारेला जोडलेली साधी सौरयोजना असली म्हणजे बाहेरची वीज गेली तरी आपलें घर उजळलेलें राहील, असें लोकांस वाटतें. तसें होत नाहीं. बाहेरची वीज जातांच असा इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो. कारण तो चालू राहिला तर बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगांत आपल्या छतावरची वीज जाईल. ज्यास अंधारांत पंखा हवा त्यानें बॅटरी घेतली पाहिजे, तिला जुळणारा इन्व्हर्टर घेतला पाहिजे, आणि बॅटरीवर घर सगळें न टाकतां दोन पंखे व चार दिवे एवढेंच टाकलें पाहिजे. शिसें-आम्लाची बॅटरी निम्म्याखालीं उतरविली कीं लवकर मरते. लिथियमची अधिक सोसते, पण महाग पडते. घराची वायर ओढण्यापूर्वींच या दोन पंख्यांची व चार दिव्यांची वाट निराळी ठेवावी. भिंतींना गिलावा झाल्यावर हें सुचून उपयोग नाहीं.

धाराशिव विषुववृत्ताच्या उत्तरेस अठरा अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस येथें सूर्य भर माध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो व खांबाची सावली खांबाच्या पायाशीं नाहींशी होते. उलट डिसेंबरांत तो दक्षिणेकडे इतका कलतो कीं दुपारींही क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवरच राहतो. म्हणून पॅनेलाचें तोंड दक्षिणेस व कल अठरा अंशांच्या आसपास ठेवतात. पाण्याची टांकी दक्षिणेला बांधूं नये. तिची सावली एका पॅनेलावर पडली तरी जोडलेल्या सगळ्यांचें उत्पन्न घटूं शकतें. कडुनिंब लावावयाचा तर पश्चिमेस लावावा, म्हणजे तिसऱ्या प्रहराची झळ तो अडवील. आणखी एक गंमत अशी कीं, ऊन पाहिजे पण ताप नको अशी या पॅनेलांची प्रकृति आहे. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशामागें त्यांची शक्ति हजारीं तीन-चार भागांनीं उतरते. चैत्र-वैशाखांत पॅनेल साठ-पासष्ट अंश तापतें, तेव्हां भर उन्हाळ्यांत शेंकडा बारा-पंधरा वीज उन्हानेंच खाल्लेली असते. धुळीचा प्रश्न निराळाच. पॅनेल पुसावयास पाणी लागतें, आणि ज्या मराठवाड्यांत २०१६ सालीं लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें विजेसाठीं पाणी ओतणें शोभत नाहीं. पहाटे दंव असतांना मऊ ओल्या फडक्यानें पुसलें तर बादलीभर पाणी सर्व पॅनेलांस पुरतें.

आतां मावशींच्या वजनाकडे येऊं. पॅनेलें टेंपोंतून उतरलीं त्या दिवशीं आम्हीं एक त्यांच्यापुढें भिंतीला टेकून ठेवविलें. दोन मुलांनीं तें सहज उचललें. सुमारें अठ्ठावीस किलोंचें तें पॅनेल अडीच चौरस मीटर जागा व्यापतें. म्हणजे चौरस मीटरला अकरा-बारा किलो, सांगाडा धरून वीस. जुन्या माळवदाचा पन्नासावा हिस्सा. मावशींनीं कांचेवरून हात फिरविला, मग शेजारीं पडलेले जाड लोखंडी बोल्ट पाहिले, आणि विचारलें, "अर्धं पोतं बी भरायचं न्हाई हे. मग एवढे बोल्ट कशाला?"

प्रश्न मार्मिक होता. आराखडा काढणाऱ्या किती जणांस तो सुचतो, देव जाणे. बोल्ट वजन पेलण्याकरितां नाहींतच. उघड्या माळावर वळवाचा वारा सुटतो तेव्हां खेडोपाडीं पत्रे उडतात हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. ताशीं १४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरला नव्वद किलोंच्या घरांत जातो, आणि कलत्या पॅनेलाच्या खालीं शिरला कीं तो त्यास वर उचलूं पाहतो. वीस किलोंचें ओझें त्यापुढें कांहींच नाहीं. म्हणून सांगाड्याचे पाय स्लॅबवर नुसते टेकवून चालत नाहीं. स्लॅब ओततांनाच त्याच्या सळयांत अडकविलेले बोल्ट त्या त्या जागीं सोडून ठेवावे लागतात, किंवा पायांखालीं सिमेंटचे जड ठोकळे घालावे लागतात. नंतर छिद्रें पाडलीं तर गळती लागते, आणि गळती लागली कीं माणूस पुन्हां वर थर चढवूं लागतो.

मावशी हें सर्व ऐकून म्हणाल्या, "म्हंजी हे खाली यायचं न्हाई, वर जाईल व्हय?" आणि थोड्या वेळानें त्यांनीं संमति दिली, अट एकच घातली कीं, आपण जेथें निजतों त्या खोलीवर कांहीं असूं नये. पॅनेलें स्वयंपाकघर व कोठी यांच्या छतावर बसलीं. तेथें सावली कोणाचीच पडत नव्हती, त्यामुळें उत्पन्नांत कांहीं उणें आलें नाहीं. मावशींची खोली पश्चिमेस आहे. तिच्यावर पांढरी फरशी तेवढी बसविली. कडुनिंब लावला आहे तो अजून गुडघ्याएवढा आहे. दुपारीं ती खोली इतर खोल्यांपेक्षां अधिक तापते, आणि घरांतील सर्वांत जास्त पंखा तेथेंच चालतो.